लाल धूर

आषाढ लागला तरी हिवरवाडीला पाऊस नसतो, वारा असतो. ढग पश्चिमेकडून भरून येतात, पाटणच्या डोंगरात सगळं ओतून मोकळे होतात आणि आटपाडीच्या या माळावरून हात हलवत पुढं जातात. मागं राहतो तो वारा. पवनचक्क्या दिवसभर गरगरतात, त्यांची वीज कुठं जाते ते वाडीला अजून कळलेलं नाही. वाडीच्या वाट्याला पत्र्यांचा खडखडाट, डोळ्यांत माती आणि भाकरीत कचकच एवढंच येतं.

वाऱ्याला शिव्या सगळेच देत, पण धनाजी पुकळेइतक्या मनापासून कुणी देत नसे. इतरांचे वाऱ्यानं पत्रे उडत, धनाजीचं सोनं उडायची भीती.

धनाजी गलाईवाला होता. जुने दागिने गाळायचे, त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं आणि चोख सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं, हा त्याचा धंदा. बाप धुळा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरला. पोरगा सोन्याच्या मागं तमिळ मुलखात गेला. या बाजूची गावंच्या गावं अशी गेलेली आहेत. कुणाचा भाऊ कटकला, कुणाचा चुलता कोचीनला, घरटी एक माणूस परमुलखातल्या कुठल्यातरी बोळात भट्टीपुढं बसलेला. धनाजीनं सेलमला बावीस वर्षं काढली. धुळा वारला आणि म्हातारी सुलाबाई एकटी पडली, तेव्हा तो बायको-पोरीला घेऊन परत आला. घरामागं दहा बाय बाराची पत्र्याची खोली उभी केली आणि तिथं स्वतःची भट्टी मांडली.

कामात त्याची बायको माया त्याच्या बरोबरीची होती. दागिने वितळवून त्यात चांदी मिसळायची, तो रस पाण्यात ओतून बारीक दाणे पाडायचे आणि ते दाणे तेजाबात उकळायचे. तेजाब चांदी-तांबं खाऊन टाकतो, सोन्याला हात लावत नाही. उकळताना तांबूस धूर निघतो, त्याला ही मंडळी लाल धूर म्हणतात. तो भांड्यावरच्या पाइपातून बाहेर जातो. खाली उरते ती सोन्याची भुकटी. नवख्याला दाखवली तर तो विटेची पूड म्हणून फुंकर मारेल. वाळली की ती इतकी हलकी होते की शिंक आली तर तोंड फिरवून शिंकायचं. म्हणून खोलीत पंखा नाही, काम चालू असताना दार ओढलेलं आणि खिडकीला बाहेरून कडी. खिडकीची आतली कडी मागल्या वर्षीच्या वाऱ्यात निखळली होती आणि ती बसवायचं काम आज-उद्यावर गेलं होतं.

त्यांची एकुलती एक पोर स्वप्नाली नववीत होती. त्या आठवड्यात शाळेत पदार्थांच्या अवस्था चालू होत्या. पोरगी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची, कारण मोठ्यानं वाचलं की डोक्यात राहतं असं तिच्या क्रांती मॅडमचं म्हणणं होतं.

"स्थायूमध्ये कण एकमेकांना घट्ट धरून असतात, जागच्या जागी थरथरतात. द्रवात कण एकमेकांवरून घसरतात. वायूचे कण मोकळे असतात, मिळेल तेवढी सगळी जागा व्यापतात."

धनाजी सोनं वितळवायची मूस पुसत ऐकत होता. "आगं, हे तर विट्याच्या एस्टीगत झालं," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी माणसाला माणूस चिकाटल्यालं, हालाय जागा न्हाई, खड्डा आला की नुसती थरथर. ती झाली सोन्याची लगड. विट्याला उतारली की एकामेकाला ढकलत, घसरत बाजारात फिरत्यात. त्यो झाला रस."

"आन वायू?"

"वायू म्हंजी तुमची शाळा सुटल्यावर!"

स्वप्नाली खिदळली आणि तिनं ते वहीत लिहूनही टाकलं. सुलाबाई जात्यापाशी डाळ भरडत होती. "घ्या! सातवी पास मास्तर," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. असं हसतं-खेळतं घर होतं ते. फार काही नव्हतं त्यांच्यापाशी, पण हसायला कमी नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारची सुरय्या तिची बोरमाळ आणि दोन पाटल्या घेऊन आली. तिच्या सिमरनचा निकाह पंधरा दिवसांवर आला होता. आईच्या दागिन्यांचं गाळून लेकीला नवीन करायचं होतं.

"सांगलीला न्यायचं म्हनत व्हते सिमरनचे अब्बा," ती म्हणाली. "मी म्हनलं, सेलमचे लोक ज्याच्या हातात सोनं देत व्हते त्यो आपल्या भिताडाला भिताड लावून ऱ्हातोय. सांगलीला कशाला?"

"डोळं झाकून घरी जावा भाबी," धनाजी म्हणाला. "एक कण हिकडचा तिकडं व्हनार न्हाई."

ती गेल्यावर त्यानं दागिने काट्यावर ठेवले, कस पाहिला आणि चोख किती निघेल तो आकडा भिंतीवर खडूनं लिहिला. मग तो मायाला म्हणाला, "वाडीतलं पयलं मोटं काम हाय. तोलात कमी आलं तर परमुलखात गाव सोडून दुसरीकडं जाता येतं. हितनं कुटं जायाचं?"

मंगळवारी सकाळी काम सुरू झालं. दाणे पाडून झाले होते. साडेनऊला स्वप्नाली दप्तर घेऊन निघाली तेव्हा वारा नुसता पिसाळला होता. माया हौदापाशी हात धूत होती. ती ओरडली, "स्वप्ने, जाता जाता खिडकीला कडी घाल गं!"

पोरीनं खिडकी दाबून धरली, कडी घातली, वर एक तारही गुंडाळली. बापाला बाहेरूनच "पप्पा, जाते!" म्हणाली. आतून "व्हय गं" आलं.

दहाच्या सुमाराला भांडं फुटलं.

काचेचं भांडं होतं, वर्षानुवर्षं तापून-निवून आतून तडकलेलं. बूड निसटलं आणि उकळता तेजाब, त्यातली सोन्याची भुकटी, सगळं शेगडीवर आणि शेगडीवरून कोब्यावर पसरलं. मायाला आवाज आला तो नुसता फस्सकन आला. पुढच्या क्षणी दाराखालच्या फटीतून वीटकरी धूर बाहेर यायला लागला. ती धावली, दार उघडलं. आत भिंत दिसत नव्हती.

"आवं, भायेर या! भायेर या आदी!"

"दार लाव!" धनाजी आतून ओरडला. "वारं शिरतंय! भुकटी उडंल! दार लाव!"

आणि मायानं दार लावलं.

वीस वर्षांची सवय होती ती. भट्टीवाला दार लाव म्हणाला की दार लावायचं. विचार नंतर करायचा. ती बाहेर कडीला हात लावून उभी राहिली आणि आतली खुडबुड ऐकत राहिली. तो तेजाब मारायला सोडा टाकत होता, ओली पोती पसरत होता, मधेच ठसकत होता. ती दोनदा म्हणाली, "झालं का?" तो दोनदा म्हणाला, "आलो." दहा-बारा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लालभडक झाले होते. हौदापाशी बसून त्याला एकदा उलटी झाली. मग त्यानं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "गूळ आन."

छातीत धूर गेला की गूळ खायचा, ही गलाईवाल्यांची रीत आहे. गुळानं घसा धुऊन निघतो म्हणतात. मायानं गुळाचा खडा आणून दिला. तो चघळत धनाजी कट्ट्यावर बसला. पाच मिनिटांत त्याचा खोकला थांबला, चेहऱ्यावर रंग आला.

"डॉक्टरकडं जाऊया का?" माया म्हणाली.

"कशाला? ह्याच्या दुप्पट खाल्लाय सेलमला. बघ की, हाय का काय मला?"

तिनं पाहिलं. खरंच त्याला काही झालेलं दिसत नव्हतं. त्यामुळं तिलाही बरं वाटलं आणि दोघांच्याही मनात एकच गोष्ट उरली. सुरय्याचं सोनं कोब्यावर सांडलं होतं.

धूर विरल्यावर दोघं आत गेली. कोबा जुना होता, भेगा पडलेला. वरवरची भुकटी ओल्या फडक्यानं टिपून घेतली, पण भेगांत गेलेली छिन्नीनं उकरून काढावी लागणार होती. धनाजी गुडघ्यावर बसला आणि हातोडी चालवायला लागला. माया निघालेली माती परातीत घेऊन हौदावर धुवायची. परात अशी गोल फिरवायची की हलकी माती पाण्याबरोबर काठावरून निघून जावी आणि जड सोनं तळाला बसावं. टँकर चार दिवसांनी येत होता, म्हणून तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. तिची कंबर धरली, बोटांची कातडी तेजाबानं पिवळी पडली. बाराला सुलाबाईनं भाकरी आणून ठेवली. धनाजीनं चतकोर खाल्ली, बाकीची ठेवली.

दुपारी तो दर दोन-चार घावांनी थांबायला लागला होता.

"दम लागतोय व्हय?" मायानं विचारलं.

"म्हातारा झालो आता," तो म्हणाला. "दुसरा नवरा बघ."

"बघितला असता, पर छिन्नी मारनारा गावायचा न्हाई," ती म्हणाली. दोघंही हसली. तो हसला आणि त्याला खोकला आला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

तीनच्या सुमाराला सगळी भुकटी एकत्र करून त्यानं गाळली. लहानशी पिवळीधमक गोळी मुशीतून निघाली. काट्यावर ठेवली. धनाजीनं भिंतीवरचा आकडा पाहिला, काटा पाहिला, काटा पुसून पुन्हा ठेवली. तीनशे मिलिग्रॅम कमी होतं.

किती ते? तांदळाच्या चिमटीएवढंही नसेल. पण धनाजीचा चेहरा उतरला. त्यानं कुंचा झाडला, पोती पुन्हा पिळली, शेगडीची राख चाळली. कुठंच काही नव्हतं. मग तो स्वतःकडं पाहायला लागला. शर्टावर तेजाबाची भोकं पडली होती, बाह्यांना कोब्याची माती लागली होती.

"माझ्या अंगावर हाय ते," तो म्हणाला. "भांडं फुटलं तवा समोरच व्हतो मी. शर्टात बसलंय. जाळ."

भट्टीवर हे नेहमीचं असतं. पायपुसणी, झाडू, कामाचे कपडे, काहीही टाकून देत नाहीत. जाळतात आणि राख धुवून सोनं काढतात. सेलमला दर दिवाळीला दुकानातले सगळ्यांचे जुने शर्ट जाळायचे. पण ते अंगावरून उतरून महिनोन् महिने झालेले असायचे. धनाजीनं अंगावरचा शर्ट काढला, बनियन काढलं आणि मायाच्या हातात दिलं. सुलाबाईनं ते पाहिलं आणि ती काठी टेकत आली.

"काय करताय रं?"

"सोनं गुतलंय आये शर्टात. जाळायचाय."

"आरं, जित्या मानसाच्या अंगावरची कापडं जाळत्यात व्हय? अजून तुझ्या अंगाची ऊब हाय त्याला! धुऊन काडा, काय बी करा, जाळू नगा."

"धुऊन न्हाई निगत ती."

"मग सुरय्याला सांग कमी आलं म्हनून. तिला काय तुझा इस्वास न्हाई का?"

"इस्वास हाय म्हनूनच की आये," धनाजी म्हणाला.

म्हातारी भांडली, रागावली, मायाला दोन शब्द बोलली. पण शर्ट लोखंडी घमेल्यात जळाला. सुलाबाई तोंडाला पदर लावून दारातच बसून राहिली. धनाजी उघड्या अंगानं भिंतीला टेकून बसला होता. माया घमेल्यातली राख निवायची वाट पाहत होती आणि तेव्हा तिची नजर त्याच्याकडं गेली. श्वास घेताना त्याच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती, बरगड्या भरभर वरखाली होत होत्या. ओठांचा रंग काहीतरी वेगळाच दिसत होता.

तिनं ते पाहिलं. आणि मग तिनं राखेत हात घातला, कारण राख निवली होती.

राख धुवायला तिच्यासारखा हात वाडीत कुणाचा नव्हता. तीन पाण्यांत तिनं ती धुवून काढली. परातीच्या तळाला मोहरीच्या फोलपटासारखं काहीतरी चमकलं. धनाजीनं ते फुंकणीनं गाळलं. फुंकायला त्याला जमेना, म्हणून शेवटी मायानं फुंकलं. दोन्ही गोळ्या एकत्र काट्यावर ठेवल्या. आकडा जुळला, अगदी पुरा.

दोघं लहान पोरांसारखी हसली. मायानं त्याच्या उघड्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात शाळेतून आलेली स्वप्नाली दारात उभी राहिली. आईच्या हाताला राख, बाप उघडा, दोघंही हसतायत. तिलाही उगाच हसू आलं.

धनाजी उठायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. त्यानं तोंडावर धरलेला तळवा खाली घेतला तेव्हा त्यात गुलाबी फेस होता.

सुरय्याचा नवरा मौला पिकअप घेऊन नुकताच घरी आला होता. सव्वापाचला गाडी निघाली. मागं गोधडीवर धनाजी मायाच्या मांडीवर, पुढं मौला हॉर्नवरचा हात न काढता. विटा येईपर्यंत धनाजी एकच वाक्य धड बोलला. "भाबीचं सोनं डबीत हाय. तोलून दे." मौलानं ते मागच्या खिडकीतून ऐकलं आणि गाडी चालवता चालवता तो रडायला लागला.

विट्याच्या डॉक्टरनं ऑक्सिजन लावून गाडी सांगलीला पाठवली. सांगलीत दवाखान्याच्या खोलीबाहेर एका तरुण डॉक्टरनं मायाला विचारलं, "वायू छातीत कधी गेला?"

"सकाळी. धाला."

"दहाला? मग आत्तापर्यंत काय करत होता तुम्ही?"

डॉक्टर चिडका नव्हता, फक्त दमलेला होता. तो म्हणाला, "हा वायू फसवा असतो, ताई. गेल्या गेल्या काही कळत नाही, माणूस हिंडतो-फिरतो. पण आत फुप्फुसाची आग होत असते आणि पाच-सहा तासांनी तिथं पाणी भरायला लागतं. अशा माणसाला हलू द्यायचं नसतं, काम तर अजिबात नाही. सकाळीच आणून ऑक्सिजनवर झोपवलं असतं तर बहुतेक वाचवता आलं असतं. आता आम्ही बघतोच, पण उशीर झालाय."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आसपास धनाजी गेला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. मायाला वाटत होतं की त्याच्या छातीतलं ते पाणी कुणीतरी परातीत काढून घ्यावं.

मातीला अख्खी वाडी आली. प्रत्येकानं एकच विचारलं, कसं झालं? माया पहिल्यांदा कुणाला तरी बोलून गेली, "चारच्या सुमाराला सांडलं. लगीच न्हेलं." एकदा बोलल्यावर तेच बोलत राहणं भाग होतं. दहा दिवस ती तेच सांगत होती. सुलाबाई शेजारी बसलेली असायची. ती मान खाली घालून ऐकायची आणि एकदाही मधे बोलली नाही.

तेराव्याला सुरय्या आली. तिला डबी घेववेना. "नको गं माया. मला ते डोळ्यांनी बघवत न्हाई," ती म्हणाली.

"तोलून घ्या भाबी," माया म्हणाली. "पुरं भरलंय. त्यांनी सांगितलंय." आणि काटा काढून तिनं ते तिच्यासमोर तोललं. सुरय्या पदरात तोंड खुपसून रडत होती, तिनं काट्याकडं बघितलंही नाही.

स्वप्नाली मात्र रडली नव्हती. लोक म्हणत पोरगी घट्ट मनाची आहे. माया आई होती, तिला ते खरं वाटत नव्हतं. पोरगी शाळेला जात नव्हती, नीट खात नव्हती, आणि घराच्या खिडक्या उघडत सुटायची. स्वयंपाकघराची, माजघराची, अगदी देवघराचा झरोकासुद्धा. वारा घरभर घुमायचा, पिठात माती पडायची. सुलाबाई लावून घ्यायची, ही पुन्हा उघडायची.

एका सकाळी चूल पेटत नव्हती म्हणून मायानं खिडकी ओढून घेतली. मागून स्वप्नाली किंचाळली.

"लावू नगोस!"

"आगं, जाळ इझतोय..."

"लावू नगोस म्हनलं ना!" ती पुढं आली. "कडी मी घातली आई. वरनं तार बी गुंडाळली. पप्पांना आतनं उघडताच आली नसंल. वायू सगळी जागा व्यापतो, मला ठावं व्हतं. पाठ केलं व्हतं मी. परीक्षेला आलं असतं तर बरोबर लिवलं असतं मी! आन मीच कडी घातली."

मायाच्या हातातली फुंकणी खाली पडली. इतके दिवस पोरीच्या पोटात हे होतं. आपण चारचा आकडा सांगितला तो स्वतःला वाचवायला, आणि तो जाऊन बसला तो हिच्या छातीवर. लगेच नेलं म्हटल्यावर पोरीच्या हिशेबात दोष उरला तो फक्त त्या कडीचा. आता खरं सांगितलं तर पोर सुटेल, पण पुन्हा आपल्याकडं आई म्हणून बघेल की नाही याचा भरवसा नव्हता. मायाला तेवढ्यात आपलीच दया आली आणि तिला स्वतःची शिसारी वाटली. ती पोरीला धरून खाली बसली.

"ऐक. नीट ऐक. चारला न्हाई सांडलं. सकाळी धाला सांडलं."

स्वप्नालीनं मान वर केली.

"खिडकी तू लावलीस, मी सांगितलं म्हनून. दार मी उघडलं व्हतं. तुझं पप्पा दोन पावलांवर व्हतं. मला म्हनलं, लाव, वारं शिरतंय. मी दार लावून घेतलं. त्यातनं बी ते चालत भायेर आलं, गूळ खाल्ला, माझ्यासंगं हासलं. तवाच दवाखान्यात न्हेलं असतं तर वाचलं असतं, असं डॉक्टर म्हनला मला. म्या न्हेलं न्हाई."

"मग काय केलं?"

"सोनं गोळा केलं. धापासनं पाचपातूर. ते खांदत व्हतं आन मी धूत व्हते. त्यांचा दम बघितला मी, स्वप्ने. डोळ्यांनी बघितला. आन राख धुवाय बसले."

पोरीनं आईच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी आले तवा तुमी दोघं हासत व्हता."

"व्हय."

"मी बी हासले."

आणि मग ती फुटली. दोन्ही मुठींनी आईच्या छातीवर, खांद्यावर, तोंडावर मारायला लागली. "का न्हाई न्हेलंस? का न्हाई न्हेलंस?" एवढंच. मायानं हात वर केला नाही. तिला वाटत होतं, मारावं, अजून मारावं.

माजघराच्या उंबऱ्याशी काठी वाजली. सुलाबाई उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मायानं मान वर केली. ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो या बाईच्या पोटचा होता.

"आत्ती..." ती म्हणाली.

म्हातारी हळूहळू आली. भिंतीला धरून जमिनीवर बसली, तिचे गुडघे कडकन वाजले. तिनं स्वप्नालीच्या मुठी आपल्या दोन्ही हातांत धरल्या आणि आपल्याच छातीवर आपटून घेतल्या.

"मला बी मार," ती म्हणाली. "मी दारातच बसले व्हते की. शर्टासाटनं भांडले गं मी. जित्या मानसाचा शर्ट जाळू नगा म्हनून वरडले. त्यो शर्ट ज्याच्या अंगावरनं काडला, त्याच्या छातीकडं माझी नजर न्हाई गेली."

चूल विझून धूर झाला होता. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. त्या तिघी तशाच जमिनीवर एकमेकींना धरून बसल्या, आणि कुणीच कुणाला उगी म्हणालं नाही.